डावीकडचे टाके

सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

आधी क्षमा मागते. रोजनिशी लिहावी असे माझ्या आयुष्यात काही घडत नाही. दहावीला शाळेत पहिली आले, एम.ए.ला विद्यापीठात पहिली आले, म्हणून एक चांगली कोरी वही खराब करण्याचा परवाना मिळतो असे नाही. तरीही लिहिते आहे. आज मी एक गोष्ट केली आणि ती सांगावी असे कुणी नाही.

तळमजल्यावर द्वारकामावशी राहतात. जुन्या जीन्सच्या गोधड्या शिवतात. सेट परीक्षेच्या निकालाची वाट पाहत घरी बसले होते, तेव्हा आईनेच मला खाली पाठवले— ‘पुस्तकात तोंड खुपसून बसतेस. निदान हात तरी हलतील!’ सुरुवातीला मी फक्त गोधडीसोबतची चिठ्ठी लिहीत असे— ‘पहिल्या तीन धुण्यांत रंग जाईल, वेगळी धुवावी.’ मग एक दिवस मावशींनी स्वतःचे अंगुस्तान काढून माझ्या बोटात घातले. ‘अक्षर चांगलं हाय ना तुझं? मग टाका बी चांगला पडंल.’

आज दुपारी मावशींच्या गोधड्या विकणाऱ्या दुकानवाल्या तनुजा मॅडम फाटकातच भेटल्या. एक गोधडी परत दिली. ‘डावीकडच्या ओळी वाकड्या गेल्यात बघ. टाकेही मोठे आहेत. सांग त्यांना.’

सांगता आले नाही. मावशी हरिपाठाला गेल्या होत्या. गोधडी वर आणली, डावीकडच्या ओळी उसवल्या, पुन्हा घातल्या. दोन तास लागले. डेनिममधून सुई ओढून तर्जनी निळी झाली आहे. साबणाने जात नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट

काल गोधडी मीच परस्पर दुकानात नेऊन दिली. आज तनुजा मॅडमचा मावशींना फोन— फारच सुरेख झाली म्हणून! मावशी फोन ठेवून मला म्हणाल्या, ‘बघ! छप्पन वर्षांची झाले, पर हाताला नाव ठेवायला जागा नाय.’

मी चहा प्यायले.

मंगळवार, ९ सप्टेंबर

मावशींबरोबर शहागंजात गेले. जुने कपडे विकणारे एक चाचा गाठोडे सोडून म्हणाले, ‘देखो बाई, एकदम कंपनी का माल.’

‘कंपनी घालू का चुलीत? कापड दाखव. आन् ही गुडघ्यात फाटलेली आधी बाजूला काढ.’

‘अरे बाई, आजकल फटेलीच फॅशन है!’

‘मग तू घाल. लई शोभंल तुला.’

मावशी जीन्स डोळ्यांनी निवडत नाहीत. मांडीच्या भागावर अंगठा फिरवतात, शिवण चिमटीत धरतात, आणि हो किंवा नाही. दहा पँट निवडल्या. मी आजवर जीन्स घातलेली नाही— आमच्या घरात तशी बंदी नव्हती, पण कुणी कधी विचारलेही नाही. आता रोज पाच-सहा जणांच्या पँट उसवते.

परत येताना डावीकडून रिक्षा आली. मावशींनी पाहिलीच नाही. मी दंड धरून मागे ओढले. त्यांनी चौक संपेपर्यंत रिक्षावाल्याचा उद्धार केला. रिक्षा वेगात नव्हती. केवळ नोंद.

मंगळवार, १६ सप्टेंबर

कंपासपेटीतली पट्टी घेऊन मोजले. मावशींच्या उजव्या बाजूला एका इंचात पाच टाके, अगदी सारखे. डाव्या बाजूला तीन, कुठे दोन. चार ठिकाणी दोरा वरच्यावर गेला आहे, खालचे अस्तराचे लुगडे त्यात आलेलेच नाही.

साडेचार ते साडेसहा मावशी हरिपाठाला असतात. ती वेळ आता माझी झाली आहे. गोधडी खाटेवर घडी करून ठेवलेली असते. वर नेते, डावी बाजू दुरुस्त करते, त्याच घडीवर परत ठेवते. माझा टाका मावशींकडूनच गिरवून शिकलेला, त्यामुळे त्यांचा कोणता आणि माझा कोणता हे उद्या मलाही सांगता येणार नाही.

मावशींच्या चष्म्याचा नंबर बदलला असेल. एवढेच.

खरे लिहायचे तर मला हे काम आवडू लागले आहे. दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेत गुपचूप शंभर गुण मिळवून देण्यासारखे!

शनिवार, ४ ऑक्टोबर

सातवी गोधडी. मावशी म्हणाल्या, ‘या वर्सी हात लई बसलाय माझा.’

रविवार, १२ ऑक्टोबर

मावशी माहेरी दौलताबादला जाऊन आल्या. पाटीभर सीताफळे आणली. त्यांचे थोरले भाऊ आप्पासाहेब किल्ल्याखाली फळे विकतात. त्यांना दहा वर्षांपासून दिसत नाही. काचबिंदू होता, उशिरा कळले.

‘फळ दाबून पिकलेलं वळखतो. नोट बोटानं वळखतो. किल्ला कुठंय इचारलं तर म्हणतो, हितंच आसंल, जातोय कुठं!’

मावशी खूप हसल्या. सीताफळाची बी ताटलीत टाकताना दोन बिया ताटलीच्या डावीकडे जमिनीवर पडल्या. मी उचलल्या.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज

हे जसे घडले तसे लिहिते.

मावशींची मुलगी प्रेरणाताई पुण्याहून आली आहे. ती तिथे एका कंपनीत नोकरीला असते. आप्पासाहेबांनाही गाडी करून आणले होते. आईने चकल्या दिल्या म्हणून मी ताट घेऊन खाली गेले आणि तिथेच उभी राहिले, कारण ओवाळणी चालू होती. निरांजनाची ऊब लागली तसे आप्पासाहेबांनी तोंड तिकडे वळवले. मावशींनी कुंकू लावले.

‘द्वारके, टिळा भुवईवर लावलास का गं? मला दिसत नाय, पर लागतंय.’

‘तुमचं कपाळच सरकलंय, दादा!’

सगळे हसले. प्रेरणाताई हसली नाही. म्हणाली, ‘आई, परवा तुझी डोळ्यांची तपासणी आहे. मी वेळ घेतलीय.’

‘माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?’

‘सकाळी दुधाचं पातेलं लवंडलंस. डावीकडचं दार रोज लागतंय तुला. आणि मामांना होतं म्हणजे तुलाही होऊ शकतं.’

मावशी उठल्या. खाटेवरची गोधडी आणली आणि लेकीच्या मांडीवर टाकली. ‘हे बघ. टाका बघ. डोळं गेलेल्या बाईचा हाय व्हय हा?’

प्रेरणाताईने गोधडी खिडकीपाशी नेली. उजेडात धरली. डाव्या काठावरून अंगठा फिरवत गेली, सगळा काठ, शेवटपर्यंत.

‘हे तू शिवलंस? याच महिन्यात?’

‘मग काय शेजारणीनं?’

पुन्हा सगळे हसले. आप्पासाहेबही. प्रेरणाताईने तिथेच उभ्याने फोन लावला आणि परवाची वेळ रद्द केली. ‘नाही, नाही, दृष्टी उत्तम आहे,’ असे ती फोनवर म्हणाली.

मी तिच्यापासून दोन हातांवर होते. चकल्यांचे ताट माझ्याच हातात होते.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

प्रेरणाताई सकाळी गेली. इस्पितळाचे माहितीपत्रक टेबलावरच राहिले होते. वर आणून वाचले. तीनदा वाचले, कारण पहिल्या दोन वेळी मी त्यातले शुद्धलेखन तपासत होते.

काचबिंदू बहुधा दुखत नाही. बाजूची नजर आधी कमी होते, रुग्णाला ते जाणवतेच असे नाही. भावंडांपैकी कुणाला असल्यास तपासणी अवश्य करावी. गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली वाचवता येते.

म्हणजे दोन महिने मी टाके दुरुस्त करत नव्हते. मावशींना कळण्याचा एकच मार्ग होता, तो रोज साडेचार ते साडेसहा बुजवत होते.

सोमवार, ३ नोव्हेंबर

वाक्य तयार केले. ‘मावशी, डावीकडचे टाके माझे आहेत.’ पाच शब्द. आरशासमोर म्हणून पाहिले. खाली गेले.

‘काय गं?’

‘दोरा संपला आहे.’

‘डब्यात हाय की! चार रिळं हायेत.’

चार रिळे होती.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पुन्हा गेले. पुन्हा दोरा. साडेचारला मात्र गोधडी वर आणली आणि डावी बाजू दुरुस्त केलीच.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आईला सांगून पाहिले. अर्धेच. म्हणाले, मावशींना कमी दिसते की काय कोण जाणे. आई म्हणाली, ‘अगं, काहीतरीच! काल तनुजा मॅडम त्यांचं काम बघून वेड्या झाल्या होत्या.’

बुधवार, १९ नोव्हेंबर

मावशींनी पेटीतून प्रेरणाताईच्या कॉलेजातल्या जीन्स काढल्या. सहा. एकीच्या खिशावर शाईचा डाग. ‘हिचीच गोधडी करून हिलाच धाडू. पुण्यात थंडी पडतीय म्हणती.’

खिसे तसेच ठेवायचे ठरले. खाली अस्तराला मावशींचे स्वतःचे लुगडे.

मीही एक गोष्ट ठरवली. या गोधडीतला मावशींचा एकही टाका उसवणार नाही. सांगता येत नसेल, तर निदान झाकायचे तरी नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

आम्ही समोरासमोर बसून शिवतो. काठापासून आत, आत, मध्यापर्यंत. मावशी डावीकडे सुई टोचतात आणि बाहेर आलेले टोक बोटाने शोधतात. आधीही शोधत असतील. मी शिवताना नेहमी खाली मान घालून असे.

आज एका टाक्यात सुई सरळ त्यांच्या बोटात गेली. ‘मेली सुईच बोथट!’

नवी सुई होती.

मंगळवार, ९ डिसेंबर

गोधडी पुरी झाली. मावशींनी अंथरली आणि नेहमीसारखा तळवा फिरवला. उजवीकडून. मध्य ओलांडला. डावीकडे हात थांबला. मागे गेला, पुन्हा आला.

मला वाटले, आता कळेल.

‘स्वरदा, ही बाजू तू घातलीस व्हय?’

मी सुई रिळात खोचली.

‘लेकी, तुझा हात बिघडला गं! निकालाचं टेन्शन घेतीस काय? ही ओळ बघ— ही ओळ हाय का गावची वाकडी पांदण?’

‘हो, मावशी,’ मी म्हणाले.

हो म्हणाले! इतक्या दिवसांत एवढे एकच उत्तर मला अडखळल्याशिवाय देता आले.

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. रागावल्या नाहीत, हे वाईट झाले. ‘जाऊ दे. उसव आन् नीट घाल. प्रेरणाची हाय ती, लोकाची नाय. मग शुक्रवारच्या गाडीला टाकून ये.’

गुरुवार, ११ डिसेंबर

गोधडी दोन दिवस माझ्या खोलीत आहे. टाके काढायची उसवणी समोर ठेवली होती. आज ती कंपासपेटीत ठेवून पेटी बंद केली.

वही पहिल्या पानापासून वाचली. भाषा नीट आहे. माणूस नीट नाही. पण बोलताना जे प्रत्येक वेळी दोऱ्यावर येऊन थांबले ते इथे तारखेसकट लिहिलेले आहे.

शुक्रवार, १२ डिसेंबर

प्रेरणाताई, ट्रॅव्हल्सच्या कचेरीत उभ्याने लिहिते आहे. वही गोधडीच्या घडीत ठेवत आहे. आधी गोधडी खिडकीपाशी न्या आणि डावा काठ पाहा. तो तुमच्या आईचा आहे. भाऊबीजेला पाहिलात तो माझा होता.

तपासणीची वेळ आजच पुन्हा घ्या. त्या नाही म्हणाल्या तर ही वही त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मी जिन्यात उभी राहीन, हाक मारलीत तर आत येईन.

पुढची पाने कोरी आहेत. क्षमा.

पुण्याच्या गाडीत दिली: शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५, दुपारी ४ वाजून १० मिनिटे.