टक्कर, माझ्या देखरेखीखाली

१७ नोव्हेंबर, सोमवार
अकरावी सायन्सचे पेपर तपासले. निव्वळ मठ्ठपणा. प्रश्न साधा होता: इम्पल्सचं, म्हणजे बलाच्या आवेगाचं, व्यवहारातलं उदाहरण द्या. अपेक्षित उत्तर, हात मागे घेत धरलेला क्रिकेटचा कॅच. सुवर्णाने लिहिलं, भरलेली ट्रॉली एकदम अडवू नये, तिच्याबरोबर चार पावलं मागे चालत थांबवावी. ही डोंगरातल्या पाड्यावरची. सुट्टीत आईबरोबर दापोड्याच्या गोडाऊनमध्ये कामाला जाते. शून्य दिलं. पुस्तकात ट्रॉली नाही.

१८, मंगळवार
सुवर्णा विचारायला आली, चुकलं कुठे. सांगितलं, ही हमालाची भाषा, फिजिक्सची नाही, आर्ट्सला जा. पेपर घडी घालून वहीत ठेवला. पटलं असावं.

दुपारी प्रिन्सिपल नीरजा मॅडमनी बोलावलं. चाळीसपैकी एकतीस नापास कसे? माझं उत्तर एका शब्दात: मुलं. शुक्रवारी तुमच्या तासाला बसते, म्हणाल्या. एकूण माझा नावलौकिक पोचलेला दिसतो.

२०, गुरुवार
संकल्प: फळा बंद, प्रात्यक्षिक सुरू. शिपाई भरतने मानकोलीच्या एका गोडाऊनमधून ट्रॉली आणली, वर कापडाचे तागे चढवले. ऑफिससमोरच्या रॅम्पवरून ती सोडायची, खाली मी एका हाताने अडवणार, मग नियम सांगणार. एकूण वजन ऐंशी किलो, वेग माफक. गणित चोख. उतार धरला नाही, तो वेगळ्या चॅप्टरमध्ये आहे. भरत म्हणाला, आधी एकदा रिकामी सोडून बघू. शिपायाकडून फिजिक्स शिकण्याची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

२१, शुक्रवार, संध्याकाळ
डाव्या हाताने लिहितो आहे. उजवं मनगट मोडलं.

प्रयोग तत्त्वतः यशस्वी. ट्रॉली आली. मी हात ताठ ठेवला, पाय रोवले. पुढचं नीट आठवत नाही. मी कुंडीत बसलो होतो आणि ट्रॉली वाट बदलून, बाजूला मांडलेल्या मॅडमच्या खुर्चीकडे निघाली होती. सुवर्णा मध्ये गेली, दांडा धरला, तिच्याबरोबर मागे मागे चालत गेली आणि खुर्चीच्या वीतभर आधी ट्रॉली थांबवली. टाळ्या पडल्या. गर्दीमुळे नक्की कोणासाठी ते कळलं नाही.

मॅडमनी तिला सर्वांसमोर विचारलं, कसं केलंस? तिने सांगितलं. मॅडम म्हणाल्या, हा चॅप्टर आज मला कळला. त्या कॉमर्सच्या आहेत, त्यांचं काय घ्यायचं.

२४, सोमवार
प्लॅस्टर. सहा आठवडे रजा. मॅडमनी फोनवर सांगितलं, विश्रांती घ्या, घाई नको. दोनदा सांगितलं.

२८, शुक्रवार
सुवर्णा भेटायला आली. माझ्या बायकोने, रुचिराने, तिला चहा दिला. माफी मागायला आली असणार म्हणून मी चेहरा मोठ्या मनाचा केला. तिने वही काढली.

"सर, मागं चाललं की हाताला धक्का कमी बसतो, हे ठावं हाय. पण का, ते न्हाय ठावं."

एफ इंटू टी, म्हणालो. ते पाठ आहे, म्हणाली. वेळ वाढला की बल कमी होतं, म्हणालो. तेच विचारते, म्हणाली, का? ‘का’ हे सिलॅबसमध्ये नाही, असं मी ठामपणे सांगितलं. तिने मान हलवली, चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेली.

पंधरा वर्षं हा चॅप्टर शिकवतोय. ती गेल्यावर दार लावून पुस्तक उघडलं. तासभर वाचलं. फॉर्म्युला तोच आहे.

रुचिराने बाहेरून विचारलं, काय करताय. झोपलोय, म्हणालो.