डाव्या चाकातलं ग्रीस

बाबा, परवा तुमच्या गाडीचं पुढचं डावं चाक उघडलं. तुम्ही गेल्यापासून ती कुम्हारीच्या घरी पत्र्याखाली उभी आहे. शेजारचे काका महिन्यातून एकदा तिला रस्त्यापर्यंत नेऊन आणायचे, बॅटरी मरू नये म्हणून. आई विकू देत नाही. आता तिच्या गुडघ्यांसाठी आठवड्यातून दोनदा भिलाईला जावं लागतं आणि बसची पायरी तिला चढवत नाही. म्हणून चौदा वर्षांनी मी स्टिअरिंगला हात लावला. त्याआधी शेवटची चालवली ती त्या दिवशी, तुम्ही चाबी घेतलीत तेव्हा.

तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. भिलाईच्या सेक्टर सहामधल्या कुणाच्या तरी साखरपुड्याहून आपण परत येतोय, मी चालवतेय, तुम्ही शेजारी. गाडी सारखी डावीकडे ओढ घेतेय आणि मी मुकाट्याने सावरतेय. घरासमोर उतरलो तर चाकातून जळका वास. तुम्ही वाकता, हात जवळ नेता आणि झटकन मागे घेता. गल्लीतले चार लोक जमलेले.

“ब्रेकावर पाय ठेवून चालवून राहिली तू.”

“नाही ठेवला, बाबा.”

“मंग काय माह्या हातानं जळलं? तुले नाही जमत, माय. दे ती चाबी.”

मी दिली. तुम्ही आवाज चढवला नव्हता, कधीच चढवत नव्हता, म्हणून जास्त लागलं. पुढे तुम्ही स्वतःही गाडी फारशी काढली नाहीत आणि दोन वर्षांत तुम्हीच गेलात. मी मात्र स्वतःला समजावत राहिले की ठेवला असेल पाय, नकळत. तीस वर्षं भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये फिटर राहिलेल्या माणसापुढे माझं ते काय ज्ञान. लोक विचारायचे, गाडी दारात असून ऑटोनं का जाता, तर मी म्हणायचे, मला नाही जमत. तुमचेच शब्द.

परवा आईला घेऊन निघाले तर गाडी पुन्हा डावीकडे. या वेळी मी हट्टाने पाहिलं, गरज नसताना पाय ब्रेकच्या जवळसुद्धा नव्हता. आईला दवाखान्यात सोडलं आणि तशीच तिथल्या कॅम्प-एक वस्तीतल्या गाडीच्या मिस्त्रीकडे गेले. त्यानं दोन्ही चाकांजवळ हात धरला. उजवं कोमट होतं, डावं धगधगत होतं. जॅक लावून हातानं फिरवलं, तर डावं हलायला दोन माणसं लागली. ब्रेक ऑइलचा बारका नट ढिला करून दाब काढून पाहिला, तरी चाक सुटेना, म्हणजे नळीचा दोष नव्हता. मग कॅलिपर, म्हणजे पॅड चाकाच्या तबकडीवर दाबणारा ब्रेकचा चिमटा, उतरवलं. आतलं पॅड झिजून पत्र्याला टेकलेलं, बाहेरचं जवळजवळ नवं. पिस्टन दाबला तर बिनबोभाट आत गेला. अडकल्या होत्या त्या दोन पिना, ज्यांवर कॅलिपर सरकतं. हातोडीनं ठोकून काढल्या तेव्हा त्यांच्यावर काळंभोर चिकट ग्रीस होतं आणि वरचं रबर भिजवलेल्या चण्यासारखं फुगलेलं.

त्यानं ते ग्रीस बोटावर घेऊन वास घेतला. “दीदी, ये तो बेअरिंग का ग्रीस है. इससे रबर फूलता है, पिन जाम होती है. यहाँ सिलिकॉन वाला लगता है. किसने भर दिया?”

मला आठवून पाहायचीही गरज नव्हती. तुमच्या रिटायरमेंटला हार, शाल, ब्रीफकेस झाल्यावर शिफ्टच्या मंडळींनी लाल फीत बांधलेला ग्रीसचा डबा तुमच्या हातात दिला होता. “दादा, आता घरच्या मशिनी सांभाळा,” म्हणाले, आणि सकाळपासून गप्प असलेले तुम्ही हसलात. मग फाटक, कूलर, आईचं शिलाई मशीन, काही म्हणून सुटलं नाही. “एक दिवस पोळीलेही लावसान तुमी,” आई म्हणायची. गाडी घेतलीत त्याच रविवारी पोतं अंथरून पुढची दोन्ही चाकं उघडलीत आणि अगदी मन लावून, बोटानं, पिना भरल्यात. मीच तुम्हाला पाना देत होते. जे हलतं ते कोरडं राहू नये, हा तुमचा धर्म. रबराचं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा बाबा, ते तुमच्या हातानंच जळलं होतं.

मिस्त्री उत्तराची वाट पाहत होता. मी म्हणाले, “मैंने भरा था. पता नहीं था.” मग त्यानं मला झापलं, भर रस्त्यात, गिऱ्हाइकांदेखत, असं शहाणपण करू नका म्हणून. तुमच्या वाट्याची बोलणी मी खाल्ली. उजव्या चाकातही तेच ग्रीस निघालं, तिथल्या पिना अजून जाम झाल्या नव्हत्या एवढंच; दोन्हीकडे नवी रबरं, नवी पॅड बसवून होईतो स्टुलावर बसून राहिले, आणि आईला घेऊन घरी आले. गाडी सरळ चालते आता. आईनं विचारलं काय झालं होतं, तर म्हटलं, जुनी झाली होती.

मी मोठ्या मनाची आहे असं समजू नका. तुम्ही असता तर ते काळं ग्रीस मी तिथून फडक्यात गुंडाळून आणलं असतं आणि गल्लीतल्या त्याच चार लोकांना बोलावून तुमच्या पुढ्यात धरलं असतं. तुमचा चेहरा उतरलेला बघायला मला आवडलं असतं. तुम्ही नाही म्हणून मी गप्प बसले, आणि हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणूनच एवढं लिहू शकले.