बेर्नादेताच्या गाण्याची निरवानिरव

मी, एदमुंद साविट्स्की, वय त्र्याहत्तर, राहणार मोन्की, आधीचा धंदा विजेची कामे, नंतरचा धंदा गाणी, हे सर्व स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. फुप्फुसे बिघडली आहेत, डोके बिघडलेले नाही. डॉक्टरीणबाई "हिवाळ्याचं हिवाळ्यात बघू" म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या आवाजाची पट्टी कुठे उतरली ते मी ऐकले. कान अजून शाबूत आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बायको इर्मिना स्वयंपाकघरात बीट सोलता सोलता ओरडते आहे, "एवढं काय लिहितोयस? आहे काय आपल्याकडे?" आहे ते असे.

कलम १. राहते घर, मागची सफरचंदाची झाडे आणि बँकेतली ठेव माझ्या पश्चात इर्मिनाची. तिने झाडे तोडून कोबी लावला तरी कोणी तिला अक्कल शिकवू नये. मी शिकवून पाहिली आहे.

कलम २. गॅरेज. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे आणि जुन्या गाद्या ठोकून त्याचा स्टुडिओ मीच केला. त्यातले रेकॉर्डिंगचे मशीन, मायक्रोफोन आणि लाल अकॉर्डियन माझा चुलतभाऊ लेओन याला. आमच्या जोडीत गाणी मी बांधायचो, गायचा तो. टीव्हीवर तो अजून सांगतो की आमचे मोठे गाणे त्याला स्वप्नात सुचले. त्याला स्वप्ने पडत नाहीत, तो घोरतो. सगळी लग्नसराई व्हॅनमध्ये त्याच्या शेजारी झोपून काढली आहे, मला माहीत आहे. तरी अकॉर्डियन त्याचेच.

कलम ३. आमच्या गाण्यांना फुटपाथवरचा कचरा म्हणणाऱ्या राजधानीतल्या रेडिओवाल्यांना काही नाही. त्यांच्या पोरांच्या लग्नांत आम्हीच वाजवले आणि तेही नाचले, एवढ्यात फिटले.

कलम ४. आता ते गाणे.

एक्क्याण्णव सालचा ईस्टर. माझी एकुलती एक मुलगी बेर्नादेता तेव्हा पाच वर्षांची. तिचा लाडका ससा सणाच्या ताटात आला हे कळल्यावर तिने कोठीत स्वतःला कोंडून घेतले. आई रडली, आजीने देव आठवले, दार उघडेना. शेवटी मी कीबोर्ड आणून दारापाशी बसलो आणि "बेर्नादेता, दार उघड, थंडी वाजते बाहेर" असे काहीबाही गात राहिलो. ती हसत बाहेर आली. चाल चांगली होती. लेओनने रेकॉर्ड केली.

पुढच्या वसंतात प्रत्येक बाजारात, फुटपाथवर दुकान म्हणून मांडलेल्या प्रत्येक घडीच्या खाटेवर आमची कॅसेट होती. आणि सगळ्या देशाला वाटले, कोणी गडी रात्री पोरीच्या दाराशी उभा आहे.

शाळेत हजेरीला तिचे नाव आले की वर्ग गायचा. बसचा ड्रायव्हर गायचा. ती चौदाची असताना एका लग्नाची अख्खी वरात, नवरदेवासकट, तिच्या खिडकीखाली थांबली. ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "बाबा, बंद कर ते."

मी म्हणालो, "बाळा, कुठलं बटण दाबू?"

कलम ५. मी हातावर हात ठेवून बसलो नाही, हेही नोंदवून ठेवतो. आसपासच्या बाजारांत फिरून होत्या नव्हत्या तेवढ्या कॅसेट मी विकत घेतल्या. शेवटच्या खाटेवर कॅसेट विकणारी बाई खूश झाली. "दादा, काय तुफान चाललंय हे! सकाळपासून सगळीकडचा माल संपलाय म्हणे. पुढच्या शनिवारी दुप्पट आणते." तिने आणल्याही, चोरून नक्कल केलेल्या. मग तेच गाणे जानेता या नावाने पुन्हा रेकॉर्ड केले. लग्नाच्या हॉलमध्ये लेओन माइकवर जानेता म्हणायचा आणि लोक त्याच्या डोक्यावरून बेर्नादेता ओरडायचे. वकिलाकडे गेलो. लग्नात गाणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही, असे त्याने सांगितले, आणि माझा कागद शोधताना तेच गुणगुणत होता.

कलम ६. त्या गाण्याचे सर्व हक्क बेर्नादेताला. तिने ते विकावे, पुरावे, काहीही करावे. ती नॉर्वेत स्टावांगरला राहते, दातांच्या कवळ्या बनवते आणि तिकडे सगळ्यांना आपले दुसरे नाव, मार्ता, सांगते. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, मी आत्ता भेटायला येते. दफनाला नाही येणार. लोक गातील."

"नाही गाणार. मी तसं लिहून ठेवतोय."

"तू लिहिल्यानं कधी कोणी गायचं थांबलंय?"



कलम ७. तरी लिहितो. माझ्या दफनाला बँड नको, लाउडस्पीकर नको. नंतरच्या जेवणात कोंबडीचे सूप, हेरिंग मासे आणि डम्पलिंग असावेत, व्होडका नसावी.

हे कलम मी लेओनला वाचून दाखवले. तो म्हणाला, "एदेक, व्होडका नाही तर तुला पुरायला येईल कोण?"

"तू येशील. आणि कोणी सुरू केलंच तर उठून गप्प करशील."

"मी उठलो की संपलंच. मला उभा बघूनच सुरू करतील."

खरे आहे. त्या तोंडाकडे बघून या देशाने दुसरे काही केलेलेच नाही. मग टोपीची कड चाचपत तो म्हणाला, "मग मी येतच नाही." मी "असं नको करू" म्हणायला हवे होते. म्हणालो नाही. म्हणून लिहितो: लेओनने दफनाच्या दुसऱ्या दिवशी थडग्यापाशी यावे, एकट्याने, आणि हवा तितका वेळ बसावे.

कलम ८. या सर्वाची अंमलबजावणी शेजारी तेओफिल झुक, मधमाश्या पाळणारे, यांनी करावी. त्यांना सूर कळत नाही. स्वतःच्या लग्नातही ते ताल सोडून नाचले, मी समोर वाजवत होतो.

आज सकाळी खोलीत एकटा असताना मी मुलीचे नाव साधे उच्चारून पाहिले, यादीतले नाव वाचतात तसे. दुसऱ्या अक्षरावर चाल वर चढते. हळू म्हटले तरी चढते, कुजबुजलो तरी चढते. तिचे नाव मला नुसते म्हणता येत नाही. मग तेओफिलना हाक मारली आणि म्हणायला सांगितले. जमिनीवर पोते ठेवावे तसे त्यांनी ते पहिल्याच खेपेला ठेवले.

तेव्हा ती आलीच, तर थडग्याशी बाकी कोणी तोंड उघडू नये. तेओफिलनी तिला पूर्ण नावाने एकदा बोलवावे आणि पहिली मूठ माती तिला टाकू द्यावी.

स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडच्या कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात.

(सही) एदमुंद साविट्स्की

साक्षीदार:
तेओफिल झुक. नाव पाठ केले आहे.
लेओन साविट्स्की. वाचले. त्या दिवशी घरी बसेन.

मोन्की, २१ ऑगस्ट २०२४