एक कारभारी, बिनबर्फाचा

काचीगुडा, हैदराबाद
पोळा होऊन पंधरवडा झाला

प्रिय कौसल्या,

'प्रिय' लिहिलं आणि घटकाभर त्या शब्दाकडंच बघत बसलो. आजपर्यंत सासुरवाडीला जेवढी पत्रं धाडली ती सगळी आबांच्या नावानं, शिरसाष्टांग नमस्कारवाली, आणि त्यात तुझी खुशाली विचारायची ती अगदी शेवटी, म्हशीच्याही खाली. ह्या खेपेला सरळ तुलाच लिहून राह्यलो. तू सातवी पास, मी चौथीतून पळालेला, तवा चुका दिसतील त्या पोटात घाल. एकच सांगणं, हे पत्र द्वारकाआत्यापुढं मोठ्यानं वाचू नको. का, ते पुढं कळंलच.

आबा मागच्या महिन्यात इकडं आल्ते, हे तुला माहीत आहे. घरी येऊन काय बोलले असतील तेबी मला माहीत आहे. 'हैदराबाद लई मोठं आहे' म्हणून पायावर पाणी घेतलं असंल आणि पुढं एक शब्द न्हाई. म्हणून जे घडलं ते मी सांगतो, पहिल्यापासून.

मी काम करतो त्या रेड्डीसाहेबांच्या हाटेलात खाली बार आहे. बारमध्ये जोसेफ नावाचा माणूस कॉकटेल बनवतो. कॉकटेल म्हणजे तीन-चार दारवा एका गिलासात घालून, वर सरबत ओतून, घुसळून द्यायच्या. आपल्याकडं भाजीत भाजी कालवली तर माणसं ताट सारतात, इथं त्याचेच जास्ती पैसे देतात. पण यंदा गिऱ्हाईक पातळ झालं. मंग रेड्डीसाहेबांच्या डोक्यात आलं की नवं मेनूकार्ड काढायचं, दर कॉकटेलाला एक व्यंगचित्र, चित्रासारखीच चव. चित्रं काढायला मीरसाब होते. मीरसाब पेपरात व्यंगचित्रं काढायचे, पण आणीबाणी लागल्यापासून त्यांची चित्रं सरकारी हापिसातून लाल फुली मारून माघारी येतात. तवा ते आमच्या कोपऱ्यातल्या टेबलाला बसून कागदी रुमालांवर नाकं काढत राहतात.

पहिल्या दिवशी त्यांनी एका मंत्र्याचं नाक काढलं. नुसतं नाक, पण रेड्डीसाहेबांनी ओळखलं आणि घाम पुसत म्हणाले, "मीरसाब, मंत्री न्हाई, कलेक्टर न्हाई, पोलिस तर बिलकुल न्हाई. मला पोरंबाळं आहेत." मीरसाब म्हणाले, "तो फिर किसकी बनाऊँ, मेरे सुसरे की?" त्या वेळेला मी गिलास पुसत होतो आणि जोसेफला रामराव पाटील चावडीवर कसे चालतात ते करून दाखवत होतो. तुला माहीत आहे मी कसं करतो ते, पोट पुढं, पाय मागं आणि मिशी मधल्या मधी. मीरसाब खुर्चीवरून उठले. "अरे मियाँ, जरा फिर से चलके दिखाओ." झालं, सापडली माणसं. ज्यायला हैदराबादेत कुणी ओळखत न्हाई, आणि जे कधी बारची पायरी चढणार न्हाईत. आपलं अख्खं गाव!

रोज दुपारी बार बंद असताना मी सोंगं करायची आणि मीरसाबांनी काढायची. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. नाक मोठं असलं तर ते अजून मोठं करायचं, पण माणूस तोच राह्यला पाहिजे, न्हाई तर ते चित्र न्हाई, नुसती शिवी झाली. रामराव पाटलाची मिशी अशी काढली की दोन्ही टोकांवर एकेक कावळा बसलाय. त्याचं कॉकटेल म्हणजे ढोपरभर उंच गिलास, वरपर्यंत फेस आणि तळाला बोटभर ऐवज. द्वारकाआत्याचं तोंड विहिरीएवढं केलं, वरून एक माणूस बातमीची कळशी सोडतोय आणि बाहेर निघताना दोन निघतात. तिच्या गिलासाच्या काठाला साखर लावलीय आणि आत हिरवी मिरची. पहिल्या घोटाला माणूस म्हणतो वा, दुसऱ्या घोटाला रडतो. इथल्या बँकेतल्या बाया लई आवडीनं पितात. आता तुला कळलं, मोठ्यानं का वाचायचं न्हाई.

आणि आबा. आता रागावू नको. लग्न होऊन दोन वर्षं झाली, तू नांदायला अशी चार महिने आलीस, मंग मी काम धरायला निघालो आणि तू माहेरी गेलीस ती गेलीसच. मी दर पत्रात विचारतो, कौसल्येला कधी धाडता. आबांचं उत्तर, यंदा जमत न्हाई. दिवाळीला न्हाई, संक्रांतीला न्हाई, आखाजीला तर पत्रच न्हाई. मला वाटायचं, म्हातारा अडून बसलाय, दारूच्या दुकानातल्या जावयाकडं लेक धाडायला त्याला लाज वाटून राह्यली. तो सगळा राग मी मीरसाबांपुढं ओतला. चित्र असं झालं की आबा उंबऱ्यावर आडवे बसलेत, जबडा कुलपासारखा, मिशीला किल्ल्या लटकलेल्या, आणि मागं बंद दाराच्या फटीतून एक वेणी तेवढी बाहेर आलीय. जोसेफनं त्याला काळी रम, चिंचेचा कोळ, काळं मीठ आणि साखरेचा कण न्हाई, अशी चव दिली. नाव 'कारभारी'. खरं सांगतो, सगळ्यात जास्ती तोच खपला. रात्री आठ वाजता बारमध्ये हाक उठायची, "दोन कारभारी, एक द्वारकाबाई, आणि ह्या साहेबांना एक कारभारी, बिनबर्फाचा!" मी ट्रे घेऊन पळताना मनात म्हणायचो, घ्या, आबा, तुम्ही मला गावात पाणी पाजलं, मी तुम्हाला हैदराबादेत पाजून राह्यलो.

आणि एक दिवस दुपारी आबा स्वतः दारात. पत्र न्हाई, तार न्हाई, काचीगुड्याच्या गाडीतून उतरून विचारत विचारत आल्ते. डोक्याला पांढरा पटका, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी शेंगाचे लाडू. आमच्या दरवान्याचा फेटा तुर्रेवाला, कमरेला जरीचा पट्टा. आबांनी त्याला वाकून रामराम केला, गावची हालहवाल सांगितली, पाऊसपाणी विचारलं. आत आल्यावर मला म्हणाले, "जावईबापू, मालक लई भला माणूस. एवढा मोठा, पन स्वतः उठून दार उघडतो." तेवढ्यात खरे रेड्डीसाहेब हिशेबाची वही बगलेत मारून आले, त्यांना आबांनी एक मान हलवून सोडून दिलं, कारकून समजून.

मी त्यांना कोपऱ्यातल्या टेबलाला बसवलं आणि पाणी आणायला वळलो. तेवढाच वेळ. टेबलावर कार्ड होतं. माघारी फिरलो तवा आबांनी ते हातभर लांब धरलेलं, चष्मा कपाळावर. वाटलं आता पटका काढून टेबलावर आपटतील, सोडचिठ्ठीची भाषा होईल. आबांनी पहिल्यांदा रामरावांची मिशी बघितली आणि खो खो हसले. मंग शेजारच्या पानावर स्वतःला बघितलं. हसू थांबलं. मंग परत मिशी, परत स्वतः. आणि कडाडले, "हा पाटील पहिल्या पानावर कसा?"

मी म्हणालो, "मामा, ते असंच छापलंय."

"असंच? पोळ्याला तोरनाखालून त्याचा बैल पुढं, माझा मागं. सप्त्याच्या पंगतीत तो पुढं, मी मागं. आन आता हैदराबादच्या दारूतबी हाच पुढं? बोलवा मालकाला!" आणि दरवान्याला हाका मारायला लागले. दरवानी आला, त्याला काही कळंना, तो सलाम करून उभा. रेड्डीसाहेब मधी पडले तर आबा म्हणाले, "तुम्ही गप बसा, मोठी मानसं बोलून राह्यली." कौसल्या, मी हसू का रडू मला कळंना. जबड्याला कुलूप लावलं त्याचं काही न्हाई, नंबर दुसरा लागला त्याचं दुःख!

मीरसाब तिथंच होते. ते उठून आले, आदाब केला आणि विचारलं, "बुजुर्गवार, तालीम किस जबान में हुई?" आबा म्हणाले, "निझामाच्या राज्यात. उर्दू चौथी." मीरसाब म्हणाले, "तो फिर? उर्दू किधर से पढते?" आबांनी कार्डाकडं बघितलं. उजव्या हाताच्या पानावर ते स्वतः होते, डाव्या हाताला पाटील. त्यांनी बोट उजवीकडं ठेवलं आणि उर्दू वाचतात तसं डावीकडं नेलं. एकदा नेलं, परत नेलं. "बराबर," ते म्हणाले. "बराबर आहे. पाटील अडानी, त्याला कुठली उर्दू." आणि पटका सारखा करून बसले, जसा काही त्यांचाच बैल तोरणाखालून गेला.

खूश होते, म्हणून म्हणाले, माझं ते सरबत आन बघू. जोसेफनं रम न घालता नुसता चिंचेचा कोळ आणि काळं मीठ घालून दिलं. आबांनी एक घोट घेतला. तोंड वाकडं झालं. गिलास खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी एवढा आंबट आहे का हो, जावईबापू?"

मंग त्यांनी चित्रातल्या त्या वेणीवर बोट ठेवलं. "बाकी समदं ठीक. जबडा माझा असाच आहे. पन हे दार मी धरलेलं न्हाई. दार आतून लावलंय." मला आधी समजलंच न्हाई. मंग त्यांनी सांगितलं. म्हणाले, मी तर पहिल्याच दिवाळीला गाठोडं बांधून दिल्तं. पोरगी म्हणाली, 'आबा, मला न्हाई जायचं, आणि तुम्हीच न्हाई म्हणा, माझं नाव घेऊ नका.' का, म्हणून विचारलं तर म्हणाली, 'त्यायच्याजवळ सगळ्या गावाची तोंडं आहेत. पाटलाचं आहे, आत्याचं आहे, तुमचंबी आहे. मी रडले तरी कुणाचं तरी सोंग करून हसवतात. त्यायचं स्वतःचं तोंड मला चार महिन्यात दिसलं न्हाई. मी नांदू कुणासंग?'

मीरसाबांना मी हे हिंदीतून समजावलं. ते लगेच पेन्सिल काढून म्हणाले, दार पुसून टाकतो, दुसरं कार्ड छापू. आबांनी हात आडवा धरला. "नको. पोरीचं नाव पुढं यायला नको. मी बसलोय उंबऱ्यावर तो बराबर बसलोय." लाडू माझ्या हातात दिले, दरवान्याचा निरोप घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. तेव्हापासून ट्रेमध्ये 'कारभारी' असला की मी हळू चालतो.

आता हे पत्र कशासाठी, ते. लिहिता लिहिता पाटलाचा आवाज यायला लागला तिथं तिथं मी खोडलंय, खाडाखोड दिसंल ती त्याचीच. काम धरायला मी निघालो तवा हसनाबादच्या फाट्यावर, एसटी दिसायला लागल्यावर, तू विचारलं होतंस, "तुम्हाला तिथं करमंल का?" मी आत्याच्या आवाजात काहीतरी बोललो, तू हसलीस आणि पदर तोंडाला लावून दुसरीकडं बघायला लागलीस. मला वाटलं, हसून राह्यलीस. त्या दिवशी द्यायचं उत्तर आज देतो, कौसल्या. न्हाई करमत. बारमधले सगळे हसतात, आणि खोलीवर आलो की मला कुणाचंच सोंग येत न्हाई, नुसता बसून राहतो. ह्या कामाला मात्र टिकलोय. खोली लहान आहे, पण खिडकीतून सकाळचं ऊन येतं. आबांना विचारायचं काम आता संपलं, मी तुलाच विचारतो, येतीस का? आणि यायचं नसंल तर तसं तूच लिही, तुझ्या अक्षरात. त्या म्हाताऱ्याला आता उंबऱ्यावरून उठू दे.

तुझाच,
संपत