कोपराखालचं मृत्युपत्र

तात्यापारा, रायपूर

ती. विनीता आत्यास वासुदेवचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? इकडे मंदाकिनी बरी आहे. (माझ्याशी बोलत नाही, पण बायकोची तब्येत चांगली असणं महत्त्वाचं.) हे पत्र हातानं लिहून राहिलो, कारण मोबाइलची आता भीती वाटते. काहून, ते सांगतो.

मागच्या महिन्यात माझ्या ऑफिसले वीस वर्षं झाली. बाकीचे वकील फेसबुकवर रोज काहीबाही टाकतात. (वकिलानं जाहिरात करू नये असा नियम आहे, म्हणून तिले 'आठवण' म्हणायचं.) मीही एक आठवण टाकली. टेबलावर कोपर, हनुवटीखाली मूठ, खाली ओळ, 'अशिलांचा विश्वास हीच माझी कमाई'. फोटोत मी फार विचारी दिसत होतो. कोपराखाली ब्राह्मणपाऱ्यातल्या शांताकाकूंच्या मृत्युपत्राचा मसुदा होता. तोही छान स्पष्ट दिसत होता.

काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. घर त्यांच्याच नावावर. ते त्यांनी धाकट्या मुलाच्या विधवेले, अनुश्रीले द्यायचं ठरवलं होतं, कारण दोन्ही ऑपरेशनांत त्यांचं सगळं तिनंच केलं. थोरला भार्गव त्याच घरात राहतो. आपण गेल्यावरच त्याले हे कळावं, एवढीच काकूंची अट होती.

भार्गवनं आधी लाइक केलं. मग फोटो मोठा करून पाहिला. मग खाली लिहिलं, 'बधाई हो वकील साहब, तीसरा पैरा बहुत साफ आया है.' मग अर्ध्या रायपूरच्या मराठी मंडळींनी तिसरा पॅरा, म्हणजे घर अनुश्रीले देण्याचा, वाचला. मी मात्र कोर्टातून बाहेर आलो तेव्हा एकशे चाळीस लाइक पाहून हरखलो होतो. (हे कोणाले सांगितलेलं नाही.)

त्या संध्याकाळी काकूंच्या घरी फार वाईट झालं. घरावर डोळा ठेवूनच सेवा केली, असं भार्गव अनुश्रीले सगळ्यांसमोर म्हणाला. ती एक बॅग घेऊन बिलासपूरले माहेरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी काकू रिक्षानं ऑफिसात आल्या. मी घाईघाईनं म्हटलं, "काकू, फोटो काढून टाकला."

"भार्गवच्या डोक्यातून काढ," त्या म्हणाल्या. "पोरगी जाताना माझ्या पाया पडली रे. पण वर पाहिलं नाही तिनं."

आत्या, वकिली भाषेत मले चार प्रकारे माफी मागता येते. एकही कामाची निघाली नाही. फाइल घेऊन जा, दुसरा वकील करा, माझी तक्रार करा, सगळं म्हणून पाहिलं. त्यांनी फाइल नेली नाही, तक्रारही केली नाही. तेच मनाले जास्त लागून राहिलं.

तुझ्या घरी काकासाहेबांना नमस्कार. पोरांना आशीर्वाद, आणि फोटो जपून काढा म्हणावं.

तुझा,
वासुदेव

ता. क. काकू चार दिवसांपासून आमच्याकडेच आहेत. अनुश्री परत आल्याशिवाय घरात पाऊल टाकणार नाहीत म्हणतात, आणि ती माझा फोन उचलत नाही. तू बिलासपूरलेच आहेस. एकदा तिच्याकडे जाशील का? काकूंचा विचार बदललेला नाही, चूक फक्त वकिलाची आहे, एवढं तिले सांग. पत्ता काकूंनीच या पत्राच्या मागच्या बाजूले लिहून दिला आहे.

आणखी एक. त्यांच्याबद्दलचा कोणताही कागद आता त्यांना दाखवल्याशिवाय मी बाहेर पाठवत नाही. हे पत्रही त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि एकच ओळ खोडायला लावली. त्या ओळीत मी माझी बाजू मांडली होती.