उघडं सुकू द्यायचं

४ ऑक्टोबर
रिपोर्ट आला. टेस्टोस्टेरॉन कमी. डॉक्टर म्हणे, "वय झालं की होतं हो काका." काका! ह्याच्याच केबिनच्या दाराला मी पॉलिश केलंय, अजून तोंड दिसतं त्यात! जेल दिलंय, खांद्याला चोळायला. वर सूचना — सुकलं की शर्ट घाला, अमकं करा, तमकं करा. हात कसा मारायचा हे मला शिकवतो!

५ ऑक्टोबर
संध्याकाळी अंघोळ करून खांद्यांवर जेलचे दोन हात मारले. शर्ट कसला? झाकलं की पॉलिश चिकट राहतं, उघडं सुकू द्यायचं. हिला काही बोललो नाही. बोलणार काय, कपाळ! वास आला तरी कळायचं नाही, स्पिरिटचा वास माझ्या अंगाला कायमचाच. ही नेहमीसारखी खांद्यावर गाल टेकून झोपली. मी आढ्याकडे बघत. नुसता संताप!

२ डिसेंबर
जरा जोर आलाय. काल जमलंही असतं. पण आता हीच पाठ करून झोपते! हात लावला तर पांघरूण तोंडावर ओढलं, वर माझ्यावरच खेकसली. इतक्या वर्षांत हिचा आवाज कधी चढला नव्हता.

३ डिसेंबर
पाठच.

१९ डिसेंबर
बाथरूमला आतून कडी, बाहेर यायचं नावच नाही बाईसाहेबांचं. विचारलं तर — "तुम्हाला काय करायचंय?" म्हणजे मी आता बिनकामाचा, असंच ना? मग सांग तोंडावर! कारखान्यात सुतारावर उगाच ओरडलो. तो म्हणाला, "घरचा राग इथे कशाला?" खड्ड्यात गेला तो! आज तीन हात मारले.

६ जानेवारी
कडाक्याचं भांडण. मी ओरडलो, "किळस येते ना माझी? बोल की!" तिनं माझा हात धरला आणि स्वतःच्या हनुवटीवर ठेवला. खरखरीत! दाढीचे खुंट असतात तसे. "रोज उपटते. पुन्हा येतात. तुम्हाला दिसू नये म्हणून तोंड फिरवते मी." हुंदके देत रडली. आणि मी काय काय बोललो हिला! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. उद्या मीच घेऊन जाणार दवाखान्यात.

७ जानेवारी
डॉक्टरीण बाईंनी तिला विचारलं, "घरात कुणी हार्मोनचं जेल लावतं का?"
ती म्हणाली, "छे हो, घरात आम्ही दोघंच." आणि माझ्याकडे बघून हसली.