उतरवलेल्या तारा

४ मार्च

प्रिय बाळ्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण बाबा त्याच्याहून जास्त कुरकुरतात, त्यामुळे गुडघ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तुझं ग्रंथालय कसं चाललंय? ज्याच्या आवाजानं शेजाऱ्यांच्या फळीवरची भांडी वाजायची, त्याला 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसवलंय, या कल्पनेनं आपला ड्रमवाला इंजिन अजूनही खो खो हसतो.

बँडचा नवा अल्बम जवळजवळ झाला. सोबत पेन ड्राइव्ह पाठवते आहे. ऐकून दचकशील, म्हणून आधीच सांगते. हा आपल्यासारखा वाजत नाही. पॉवर मेटलचा रॉक बँड म्हटलं की लोक जे गृहीत धरतात, म्हणजे पहिल्याच ओळीला आभाळाला टेकणारा आवाज, घोडदौड, तलवारी, ड्रॅगन, त्यातलं फारसं उरलेलं नाही. वेग कमी झालाय. आपल्या गणिताच्या मास्तरांनी त्यांच्या गिटारच्या तारा चांगल्या दोन स्वर खाली उतरवल्या. माझ्या बेसच्या तर वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबायला लागल्या. शेवटी जाड तारा आणल्या आणि या वयात बोटांना नव्यानं फोड आले. बाबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "यात कुणी मरत नाही वाटतं? बरं झालं."

दोन गाण्यांचं नुसतं वादन लोकांना ऐकवलं. एकानं लिहिलं, 'ड्रॅगनला झोप लागली का?' मास्तरांनी उत्तर दिलं, 'हो. हळू बोला.'

विचारणाऱ्यांना आम्ही सांगतो की वय वाढलं, समज आली, मग सूर तरी तोच कसा राहणार? मास्तर एका मुलाखतीत 'परिपक्वता' हा शब्द इतक्यांदा वापरून आले की मला शेजारी बसून लाज वाटली.

तुला एक गोष्ट लगेच जाणवेल. यात गायलेलं काहीच नाही. जागा मोकळी आहे. माइक दुरुस्तीला दिलाय.

नाही रे, माइक ठणठणीत आहे.

मागच्या आठवड्यात एक मुलगी येऊन गायली. छान गळा आहे. चार गाणी गायली आणि हेडफोन काढून म्हणाली, "ताई, ही गाणी दुसऱ्या कुणाच्या तरी मापानं शिवलीत. मला खांद्यात सैल होतात आणि बाहीत आखूड. कोण आहे तो?" इंजिन छताकडे बघायला लागला. मास्तर गिटार पुसायला लागले, पुसलेलीच. मग मीच सांगितलं. माझा धाकटा भाऊ.

तुझ्या घशाचं ऑपरेशन झालं, वरचे स्वर गेले, आणि तू बँड सोडलास, शहर सोडलंस, फोनवर बोलायचंही सोडलंस. बाबांच्या वाढदिवसाला तेवढा फोन केलास. मी विचारलं, जेवलास का? तू म्हणालास, "हो, जेवलो." फोन ठेवला आणि मी तो स्वर कीबोर्डवर शोधत बसले. सापडला तेव्हा मास्तरांना म्हटलं, इथून थोडंसंच वर जायचं, सगळी गाणी तेवढ्यात बसवायची. कुणी एका शब्दानं का म्हणून विचारलं नाही.

रेकॉर्ड कंपनीला महिनाअखेर सगळं द्यायचंय. तू गायला नाहीस तर ती मुलगी गाईल, आणि चांगलं गाईल. एकदा ऐक फक्त.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई


११ मार्च

ताई,

नमस्कार. पेन ड्राइव्ह मिळाला. पहिले दोन दिवस मी तो खणात ठेवला, आणि तुझ्यावर इतका चिडलो होतो की तुलाच उलट विचारावंसं वाटत होतं. दात नसलेल्या माणसाला कालवून भरवावं तसा अल्बम केलात माझ्यासाठी? जगाला सांगताय परिपक्वता, आणि आत काय, तर बिचाऱ्या बाळ्याची सोय!

मग सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयाच्या मागच्या कोठीत, फाटक्या पुस्तकांत बसून ऐकला. तिसरं गाणं चार वेळा ऐकलं. ते सोयीचं नाहीये. ते खरोखर चांगलं आहे. अशा चालीवर आपण पूर्वी ड्रॅगन सोडले असते आणि तिची वाट लावली असती.

गायला लागलो तर गाता येईना. वर जाता येत नाही म्हणून नव्हे. फार खाली आहे! विहिरीच्या तळाशी बसून कुणाला तरी हाका माराव्यात तसं वाटतं. बाबांच्या वाढदिवसाला मला सर्दी झाली होती, ताई. सणसणीत. नाक बंद, घसा बसलेला. तू माझ्या सर्दीवरून अख्खा अल्बम बेतलास.

वरचा आवाज परत येणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पण मध्ये कुठेतरी काहीतरी उघडलंय. खरखरीत आहे. चांगलं की वाईट, मला कळत नाही. कोठीत रोज थोडं गातो. आमच्या ग्रंथपाल बाई परवा शिपायाला म्हणाल्या, "आत कपाट कोण ओढतंय बघा." हे मी अजून कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि तुम्हीही कुणी विचारलं नव्हतं.

एक स्वर वर घ्या. मग बघतो. येईन असं म्हणत नाही.

बाळ्या


१५ मार्च

प्रिय बाळ्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी सरावाच्या खोलीत मोठ्यानं वाचलं. सर्दीपर्यंत आले आणि मास्तरांनी जी शिवी दिली ती त्यांच्या शाळेतल्या पोरांनी ऐकली असती तर जन्मभर गणित विसरली नसती. गिटार आणि बेस, दोन्हींचं सगळं पुन्हा वाजवायचंय. "ड्रमला पट्टी नसते," म्हणून इंजिन पाय पसरून चहा पीत बसलाय. निर्लज्ज. मास्तरांनी मात्र शिवी संपायच्या आत तारा चढवायला घेतल्या. तिसरं गाणं नव्या पट्टीत झालं. वेग आम्ही वाढवला नाही. तो तुझ्यासाठी कमी केला नव्हता, बरं का. तो आम्हाला आवडायला लागलाय.

कंपनीनं आणखी आठ दिवस दिले. ती मुलगी म्हणाली, तो आला तर मी दुसऱ्या आवाजात साथ देईन, नाही आला तर पुढे उभी राहीन, पण मला रविवारी नक्की सांगा.

तुला का विचारलं नाही, ते सांगते. तू 'नाही' म्हणाला असतास तर तो अल्बम संपलाच असता, आणि तुला लिहायला माझ्याकडे निमित्तच उरलं नसतं. विचारलं नाही तोवर मला रोज सकाळी तुझ्या मापाचं काहीतरी शिवत बसता येत होतं. तुझा आवाज मला बँडसाठी हवा होता, हे अर्धंच खरं. ऑपरेशननंतर तू सगळ्यांशी गप्प झालास, ते मी समजू शकले. माझ्याशीही झालास.

तर आता विचारते. शनिवारी येशील? नवा आवाज ऐकवशील? तो वाईट असेल तर मी तोंडावर सांगेन, आणि मग आपण दोघं बाहेर बसून त्या मुलीला गाताना ऐकू. चांगला असेल तर तेही तोंडावरच सांगेन. रडले तर दुर्लक्ष कर. गायचं नसेल तरी ये.

तुझी, आणि यापुढे आधी विचारणारी,
ताई